मोठ्या सॅटर्न ५ प्रतिकृतीवर पृष्ठभागाचे बारकावे : काय उठवावे, काय रंगवावे आणि काय सोडून द्यावे

ह्यूस्टनवासी (धागाकर्ता)

अपोलो मोहिमांत माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ या अमेरिकी रॉकेटची उडणारी मोठी प्रतिकृती करताना सांगाडा, पंख आणि पॅराशूट यांविषयी पुष्कळ माहिती मिळते. परंतु नळीला नळी जोडून झाल्यावर जी गुळगुळीत सुरळी समोर उभी राहते, तिला सॅटर्नचे रूप कसे आणायचे याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा धागा. अमेरिकेत हा छंद करणारे मराठी लोक आहेत, तसेच भारतात न उडणाऱ्या प्रतिकृती करणारेही आहेत, आणि पृष्ठभागाचा प्रश्न दोघांचाही सारखाच आहे.

माझ्या प्रतिकृतीचे प्रमाण मी ठरवलेले नाही, ते नळीने ठरवले आहे. जाड पुठ्ठ्याच्या साडेसात इंची नळीचा बाहेरचा व्यास साधारण १९५ मिमी भरतो आणि मूळ यानाच्या पहिल्या टप्प्याचा व्यास १०.०६ मीटर होता, त्यामुळे १:५१.६ असे विचित्र प्रमाण आले. या प्रमाणात ११०.६ मीटरचे यान सुमारे २.१४ मीटर उंच होते आणि ६.६ मीटर व्यासाचा तिसरा टप्पा १२८ मिमीचा होतो. आकडा सुटसुटीत यावा म्हणून नळी बदलण्यात अर्थ नाही. सगळी मापे एकदा भागून कोष्टकात मांडून ठेवली की प्रमाणाचा विचित्रपणा पुन्हा आडवा येत नाही.

कोणताही बारकावा हाती घेण्यापूर्वी मी त्याची मूळ उंची ५१.६ ने भागतो आणि उत्तर रंगाच्या जाडीशी ताडून पाहतो. प्रायमर, रंगाचे हात आणि वरचे पारदर्शक लॅकर मिळून सहज ०.१ मिमी जाडी चढते. रिव्हेटचे डोके पत्र्याच्या वर ३ मिमी आले आहे असे धरले, तरी प्रतिकृतीवर ते ०.०६ मिमी होईल, म्हणजे रंगाखाली गाडले जाईल. ते दिसावे म्हणून अर्धा मिमी उंचीचे थेंब दिले, तर तेच मूळ यानाच्या मापात अडीच सेंमी वर आलेले खिळे होतात आणि यान बॉयलरसारखे दिसू लागते. उलट मूळ यानावरची ५ सेंमी उंचीची उभी कड येथे जवळजवळ १ मिमी होते, आणि १ मिमीची कड उन्हात स्पष्ट सावली टाकते. माझ्या मते सॅटर्नचे रूप रिव्हेटांत नाहीच. ते गुळगुळीत आणि पन्हळी पट्ट्यांच्या आलटापालटीत आहे. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला पन्हळी पट्टा पन्हळी म्हणून दिसत नाही, पण शेजारच्या गुळगुळीत पांढऱ्यापेक्षा तो किंचित करडा दिसतो, आणि तेवढ्यानेच यान ओळखू येते.

ही आलटापालट कोठे आहे हे पाठ करण्याची गरज नाही, कारण तिच्यामागचे कारण साधे आहे. पहिल्या टप्प्यात केरोसीनची टाकी खाली आणि द्रव ऑक्सिजनची वर, अशा दोन स्वतंत्र टाक्या होत्या. टाकीच्या भिंतीला आतल्या दाबाचा आधार मिळतो आणि तिला बळकटी देणाऱ्या कडा आतल्या बाजूने कोरलेल्या असतात, म्हणून टाकी बाहेरून गुळगुळीत दिसते. दोन टाक्यांमधल्या पट्ट्याला, वरच्या घेराला आणि खाली इंजिनांचा जोर पेलणाऱ्या भागाला तो दाब नसतो, पण वरचे सगळे वजन त्यांच्यातूनच खाली उतरते; म्हणून तेथे बाहेरून पन्हळी किंवा उभ्या कडा आहेत. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या टाक्यांमध्ये एकच सामाईक पडदा होता, त्यामुळे तेथे मधला पट्टाच नाही. पहिल्या टप्प्यासारखा मधला पट्टा दुसऱ्यावरही चढवलेल्या हौशी प्रतिकृती मी पाहिल्या आहेत. तो भाग नुसता जास्तीचा नाही, तर चुकीचा आहे.

आता प्रत्यक्ष काम. टाक्यांमधला पट्टा मूळ यानावर सुमारे ६.६ मीटर उंच होता, म्हणजे येथे १२८ मिमी. मी पाव मिमी जाडीचा पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा पत्रा सपाट फळीवर मास्किंग टेपने ताणून बसवतो आणि त्यावर अर्धगोल पट्ट्या एकेक करून चिकटवतो. पट्टी आधी कोरडीच जागेवर ठेवावी, दोन पट्ट्यांमध्ये त्याच जाडीची एक सुटी पट्टी अंतरासाठी सरकवावी, आणि बारीक कुंचल्याने प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रावकाचा एक थेंब पट्टीच्या टोकाशी सोडावा. तो सांध्यातून आपोआप दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातो. अंतराची पट्टी लगेच काढून घ्यावी, नाहीतर तीही तेथेच कायमची वस्तीला राहते. पत्र्याची लांबी कापताना नळीचा नुसता परीघ धरून चालत नाही. १९५ मिमी व्यासाचा परीघ ६१२.६ मिमी होतो, पण जाडी असलेला पत्रा वाकवल्यावर त्याची मधली रेषा नळीपेक्षा मोठ्या वर्तुळावर बसते. म्हणून परिघात जाडीची ३.१४ पट मिळवावी लागते. अर्धा मिमी जाडीला हा फरक १.६ मिमी येतो, आणि तेवढी फट पन्हळीत एक दात पडल्यासारखी डोळ्यांत खुपते.

दुसऱ्या टप्प्यावर हाती घेण्याजोग्या ठळक गोष्टी म्हणजे हायड्रोजनच्या पाच नळांवरची लांबट झाकणे आणि वाहिन्यांचा उभा बोगदा, म्हणजे तारा-नळ्यांवरचे लांब आवरण. त्याला पहिल्या टप्प्याशी जोडणाऱ्या खालच्या घेरावरच्या छोट्या घन-इंधन मोटारी मात्र, प्रतिकृती कोणत्या उड्डाणाची हे आधी ठरवल्याशिवाय लावू नयेत : सुरुवातीला त्या आठ होत्या, पुढे चार झाल्या आणि अपोलो १५ पासून काढूनच टाकल्या. तिसऱ्या टप्प्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. दोन बाजूंना दिशानियंत्रणाचे दोन उंचवटे, बोगदे आणि त्याच्या डोक्यावर ९१ सेंमी उंचीचे उपकरणांचे कडे, जे येथे जेमतेम पावणेदोन सेंमीचे होते. चांद्रयान झाकणाऱ्या निमुळत्या भागाच्या चार पाकळ्यांच्या जोडरेषा मी कोरत नाही, धारदार पेन्सिलीने ओढतो.

सुतारपक्षी

लेख आवडला, पण मोजणीच्या बाबतीत तुम्ही फार सैल सोडले आहे असे मला वाटते. मूळ यानावर एखाद्या घेरावर जितक्या कडा आहेत तितक्याच प्रतिकृतीवर असाव्यात, हा माझा आग्रह आहे. बाजारात मिळणाऱ्या पन्हळी पत्र्याचे अंतर जवळपासचे आहे म्हणून तो गुंडाळणे ही तडजोड आहे. आराखड्यातून संख्या मिळाली की परिघाला तिने भागावे, तेवढ्या अंतराच्या रेषा संगणकावर आखून जाड कागदावर छापाव्यात, आणि पट्ट्या थेट त्या कागदावरच बसवाव्यात. माझ्या अनुभवात पॉलिस्टायरिनच्या पत्र्यापेक्षा कागदाचे अस्तर अधिक चांगले, कारण पुठ्ठ्याच्या नळीला ते साध्या पांढऱ्या गोंदाने बसते आणि बसवताना सरकवून नीट करायला वेळ मिळतो. सुपरग्लूने प्लास्टिक लावायचे तर पहिला स्पर्श हाच शेवटचा.

ह्यूस्टनवासी

कागदाच्या अस्तराची सूचना उत्तम आहे. फक्त कागद छापण्यापूर्वी छपाईयंत्राची मोजपट्टी तपासावी, कारण पुष्कळ यंत्रे लांबीत अर्धा टक्का इकडेतिकडे करतात, आणि ६१२ मिमीवर अर्धा टक्का म्हणजे ३ मिमी.

संख्येच्या बाबतीत मात्र मी अंशतःच सहमत आहे. एखाद्या घेरावर समजा ४०० कडा असत्या, तर येथे एका कडेच्या वाट्याला दीड मिमी आला असता : पाऊण मिमी कड आणि पाऊण मिमी खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंना रंगाचा ०.१ मिमी थर बसला तरी अर्ध्या मिमीहून अधिक खाच उरते, म्हणून तेथे संख्या अचूक ठेवावी. हेच १:१०० च्या प्रतिकृतीत केले तर खाच रंगाने जवळजवळ बुजते, आणि अचूक मोजलेल्या कडा कोणालाच न दिसणाऱ्या होतात. तेव्हा थोड्या कमी, पण उघड्या खाचांच्या कडा द्याव्यात असे माझे मत आहे. मोजणारा परीक्षक एखादाच असतो, सावली सर्वांनाच दिसते.

रंगरेषा

मी प्लास्टिकच्या संचांकडून या छंदाकडे आले, म्हणून रंगाविषयी थोडे लिहिते. पन्हळी भागावर जाड, भरणी करणारा प्रायमर कधीही मारू नये. तो पुठ्ठ्याच्या नळीचे पीळ बुजवण्यासाठी उत्तम आहे, परंतु तो गुळगुळीत भागांवर, आणि तोही पन्हळी पट्टे बसवण्याआधी, मारून घासून घ्यावा. पट्टे बसल्यावर पातळ प्रायमरचे दोन हलके हात पुरेत, आणि फवारा समोरून न मारता एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून तिरका मारावा, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंती भिजतात आणि तळाशी रंग साचत नाही.

सर्वांत कटकटीचे काम म्हणजे पन्हळीवरून आडवी किंवा उभी जाणारी काळ्या-पांढऱ्याची सीमा. मास्किंग टेप कडांच्या डोक्यांवर बसते आणि खाचांवरून पुलासारखी जाते, मग खालून काळा रंग आत शिरतो. उभी सीमा असेल तर ती नेहमी खाचेच्या तळाशीच आणावी. आडव्या सीमेसाठी टेप लाकडी दातकोरणीने प्रत्येक खाचेत दाबावी, उरलेली भोके द्रव मास्किंगने बुजवावीत, आणि काळा मारण्यापूर्वी टेपच्या काठावर पुन्हा एकदा पांढराच फवारावा. जो काही रंग आत झिरपायचा तो पांढरा झिरपतो आणि फट बंद होते. कंटाळवाणे आहे, पण टेप काढताना धडधडत नाही.

खाचांमध्ये पातळ काळा रंग सोडून त्या उठावदार करण्याची जी पद्धत आहे, तिला माझा विरोध आहे. एवढ्या मोठ्या प्रतिकृतीवर खरी सावली पडते. तिच्यावर रंगवलेली सावली घातली की उन्हात ती मळलेली दिसते. फारच वाटले तर पांढऱ्यात करड्याचा अंश घालून पन्हळी पट्टे अर्धी छटा उतरवावेत.

आणि एक इशारा. जुन्या प्लास्टिक संचांच्या डब्यांवरचे काळे-पांढरे पट्टे विश्वासाने उचलू नयेत. त्यांपैकी अनेकांवर २५ मे १९६६ रोजी केनेडी केंद्रात बाहेर आणलेल्या ५००-एफ या चाचणीयानाची रंगसंगती आहे, आणि ते यान उडण्यासाठी नव्हतेच. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या मधल्या पट्ट्यावर काळा रंग होता. फ्लोरिडाच्या उन्हात आतला भाग तापतो म्हणून उडणाऱ्या यानांवर तेथे पांढरा देण्यात आला.

ह्यूस्टनवासी

रंगरेषाताई, तिरक्या फवाऱ्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. जे ह्यूस्टनला येऊन जॉन्सन अंतराळ केंद्रातले यान पाहणार असतील, त्यांच्यासाठी जोड देतो. तेथले तिन्ही टप्पे उड्डाणासाठीच बांधलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या यानांचे आहेत. शिवाय ते १९७७ पासून जवळजवळ तीन दशके उघड्यावर होते आणि नंतर डागडुजी करून पुन्हा रंगवले गेले. त्यामुळे तेथे कडा, झाकणे आणि सांधे जरूर पाहावेत, छायाचित्रेही घ्यावीत. रंगाची छटा मात्र उड्डाणाच्या वेळच्या छायाचित्रांवरूनच ठरवावी. यान आडवे ठेवलेले असल्याने खालच्या पट्ट्याच्या कडा अगदी डोळ्यांच्या पातळीवर येतात, हा मोठा लाभ आहे.

उड्डाणपर्व

आतापर्यंतची चर्चा शोभेच्या अंगाने झाली, पण ही वस्तू उडायची आहे. सॅटर्नचे पंख मुळातच लहान आहेत आणि प्रतिकृतीत ते प्रमाणात ठेवले तर दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जेथे एकवटतो तो बिंदू, बरेच पुढे येते. म्हणून गुरुत्वमध्य त्याच्याही पुढे ओढण्यासाठी वरच्या भागात वजन घालावे लागते. पहिल्या टप्प्यावरचा प्रत्येक ग्रॅम या हिशेबात उलट्या बाजूला पडतो. १२८ मिमी उंचीचा आणि सरासरी अर्धा मिमी जाडीचा पॉलिस्टायरिनचा एक पट्टा सुमारे ४१ ग्रॅम भरतो. तो अपेक्षित गुरुत्वमध्याच्या ६५ सेंमी मागे असेल आणि वरचे वजन ८० सेंमी पुढे, तर त्या एका पट्ट्यापायी वर ३३ ग्रॅम वाढवावे लागतात. आठ-दहा किलोच्या यानात हे काही मोठे नाही, पण तीन पट्टे, पंखांच्या मुळाशी असलेली चार शंक्वाकार झाकणे, पुट्टी आणि रंग मिळून आकडा पाहता पाहता अर्ध्या किलोवर जातो. सर्व बारकावे लावून आणि रंगवून झाल्यानंतरच गुरुत्वमध्य मोजावा, आणि वरच्या वजनाची जागा तोपर्यंत उघडी ठेवावी.

या आकाराचे यान १५०० ग्रॅम वजनाच्या आणि १२५ ग्रॅम इंधनाच्या मर्यादेत बसत नाही, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. अमेरिकेत त्यासाठी विमानवाहतूक प्रशासनाची परवानगी असलेले मैदान लागते, आणि जे ते एल या शक्तिवर्गांच्या रॉकेट-मोटारी वापरायच्या तर दुसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र लागते.

उष्णतेचा एक मुद्दा राहिला आहे. पॉलिस्टायरिन तापल्यावर पुठ्ठ्यापेक्षा कितीतरी अधिक पसरते. थंड गॅरेजमध्ये बसवलेला पट्टा मैदानावर दुपारच्या उन्हात फुगतो, आणि काळ्या भागात तर अधिकच. कडेला गोंद सुटला की तो पुन्हा बसत नाही. म्हणून पट्टा पूर्ण पृष्ठभागावर चिकटवावा, नुसता काठांवर नाही, आणि शक्यतो उबदार खोलीत बसवावा. ५००-एफ वरचा काळा रंग ज्या कारणाने बदलावा लागला, त्याच कारणाने आपल्यालाही त्रास होतो, ही गंमतच आहे.

उतरण्याचेही पाहावे. यान शेपटीवर उतरते, म्हणून एफ-१ इंजिनांची पाचही नरसाळी काढता येतील अशी करावीत आणि उड्डाणापूर्वी खोक्यात ठेवावीत. सर्वांत खालच्या घेरावरच्या कडांची टोके नळीच्या काठापासून २-३ मिमी वर थांबवावीत, म्हणजे जमिनीला पहिला धक्का नळी देते आणि कडा वाचतात. दाब सोडण्याची भोके मात्र गुळगुळीत भागावरच पाडावीत. पन्हळीच्या खाचेत ती लपतात खरी, पण हवेच्या दाबावरून उंची सांगणारे उंचीमापक वापरणाऱ्यांना तेथे दाब खरा मिळत नाही.

ह्यूस्टनवासी

वजनाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे. भोकांच्या बाबतीत मी दोन प्रकार वेगळे ठेवतो : उंचीमापकाची भोके गुळगुळीत टाकीवर, आणि नळीतली कोंडलेली हवा सोडणारे साधे भोक खाचेत. दुसऱ्याला अचूक दाबाशी देणेघेणे नसते, म्हणून ते लपवायला हरकत नाही.

कसबेकर

मी पुण्यात असतो आणि येथे रॉकेटच्या मोटारी सहज मिळत नाहीत, त्यामुळे मी न उडणारी प्रतिकृतीच करणार आहे. अर्धगोल पट्ट्या परदेशातून मागवल्या तर महाग पडतात. त्यांना पर्याय काय? आणि पहिल्याच प्रयत्नात सॅटर्न ५ करावे की काही सोपे घ्यावे?

सुतारपक्षी

कसबेकर, वास्तुरचनेच्या प्रतिकृतींचे सामान विकणाऱ्या दुकानात पॉलिस्टायरिनचे पातळ पत्रे आणि पट्ट्या मिळतात. पट्टी चौकोनी असली तरी चालते, कारण दोन हात रंग बसल्यावर १ मिमीच्या पट्टीचा कोन तसाही बोथट होतो. पत्रा धातूच्या पट्टीवर सुरीने कापून पट्ट्या घरीही काढता येतात, परंतु रुंदी सारखी राहण्यासाठी पट्टीला मागून अडसर बसवावा. मोटार नसल्याने वजनाची चिंता नाही, तेव्हा नळीऐवजी पीव्हीसीचा पाइप घेतला तरी हरकत नाही. फक्त त्याची चकाकी पॉलिशपेपरने पूर्ण उतरवल्याशिवाय गोंद धरत नाही.

ह्यूस्टनवासी

सुरुवात लिटल जो २ पासून करावी असे मी सुचवतो. संकटात अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून ओढून नेणाऱ्या अपोलोच्या सुटका-मनोऱ्याच्या चाचण्यांसाठी १९६३ ते १९६६ या काळात न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथून ते यान पाच वेळा उडवले गेले. त्याचा ३.९१ मीटर व्यासाचा जवळजवळ संपूर्ण देह पन्हळी अल्युमिनियमचा आहे. त्यामुळे एकच कौशल्य शिकावे लागते, गुळगुळीत आणि पन्हळी यांचा मेळ घालावा लागत नाही, आणि काम साधले की तेच हात सॅटर्नच्या खालच्या पट्ट्यावर वळवता येतात.

सुतारपक्षी

एक शेवटचा प्रश्न. गुळगुळीत टाकीवर कागदाचा सांधा आला तर तो वाहिन्यांच्या बोगद्याखाली लपवता येतो. पण पन्हळी पट्ट्याची दोन टोके जेथे मिळतात, तो सांधा तुम्ही कोठे आणता?

ह्यूस्टनवासी

पट्टा सपाट असताना मी त्यावरची शेवटची एक कड लावतच नाही, तेवढी जागा रिकामी सोडतो, आणि अस्तराची दोन टोके बरोबर त्या रिकाम्या जागेच्या मध्यावर येतील असे कापतो. पट्टा नळीवर पूर्ण बसून गोंद वाळला की उरलेली कड त्या सांध्यावरच चिकटवतो. फट अर्ध्या मिमीपर्यंत असेल तर ती कडेखाली पूर्ण झाकली जाते. त्याहून मोठी असेल तर शेजारच्या दोन-तीन कडा उचलून, अंतर केसभर वाढवून पुन्हा बसवाव्यात. म्हणूनच सांध्याजवळच्या त्या कडा सुरुवातीला द्रावकाने न लावता पांढऱ्या गोंदाच्या ठिपक्यांवर ठेवलेल्या बऱ्या.